उसना धीर

आमच्या घरापासून आर्वी नाका हाकेच्या अंतरावर आहे. त्यामुळे रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणे ही आमच्या नित्याच्या परिचयाची गोष्ट. पूर्वी तो ऐकला की मी कूस बदलून पुन्हा झोपी जात असे. ‘कोणाचे तरी काहीतरी झालेले दिसते’ एवढा एक अर्धवट विचार मनात येई आणि तो पुरा होण्याच्या आतच डोळा लागे. गेल्या दीड वर्षापासून मात्र तसे होत नाही. भोंगा वाजला की मी उठून बसतो आणि उशाजवळचे घड्याळ पाहतो. कारण त्या गाडीत आमची भाचीबाई असण्याचा संभव असतो.

भाचीबाई म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. वय पंचवीस-सव्वीस. उंची बेताची, आवाज त्याहून बेताचा. लहानपणी दारात पाहुणा आला की ही आईच्या पदराआड जायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा हिला झाडाचे काम दिले होते. झाडाने नुसते उभे राहायचे, एक अक्षरही बोलायचे नाही. तरी हे झाड पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत थरथरत होते. प्रेक्षकांना वाटले, दिग्दर्शकाने वारा फार छान दाखवला आहे! अशी ही मुलगी आयुर्वेदाची पदवी घेऊन डॉक्टर झाली, इथवर ठीक होते. पण पुढे तिने एके दिवशी घरात जाहीर केले, “मी १०८ च्या गाडीवर काम करणार आहे,” तेव्हा आमची ताई चहाचा कप हातात तसाच धरून बसली.

१०८ ची गाडी आता सर्वांच्या ओळखीची झाली आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीस सगळ्या राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ अत्यवस्थ रुग्णांसाठी अधिक साधनांनी सज्ज केलेल्या आणि ७०४ साध्या. नुसता चालक आणि स्ट्रेचर एवढ्यावर न भागवता गाडीवर डॉक्टर नेमायचा, हे या योजनेचे वैशिष्ट्य. असे डॉक्टर पुष्कळ अंशी आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेले, कोवळ्या वयाचे असतात. त्यांना आणीबाणीच्या उपचारांचे वेगळे शिक्षण देतात आणि मग ते रस्त्यावर उतरतात.

“अगं, गल्लीत एखादा छोटासा दवाखाना घाल,” ताई म्हणाली. “लोक चालत येतील. हे असले मोडलेले-तोडलेले रस्त्यावरून उचलायला तू कुठे जातेस? तुला रक्त पाहून घेरी येते.”

“येते ना,” भाचीबाई म्हणाली, “म्हणूनच जाते.”

या उत्तराचा अर्थ त्या वेळी कोणालाच लागला नाही. मला तर नाहीच. मी आपला तिचा मामा आणि त्यातून मराठीचा प्राध्यापक, म्हणजे शब्दांचा व्यापारी. मी तिला त्या रात्री जेवणानंतर आत्मविश्वासावर सुमारे पाऊण तास ऐकवले. माझ्या पहिल्या तासाची गोष्ट सांगितली. वीसेक वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गावर मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा तीन रात्री जागून काढलेली टिपणे बारा मिनिटांत संपली होती. उरलेली तेहेतीस मिनिटे मी खडू, फळा, पंखा आणि विद्यार्थी यांच्याकडे आळीपाळीने पाहत काढली. “पण हळूहळू भीती गेली की नाही? तुझीही जाईल,” असा मी समारोप केला.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “मामा, तुमचा तास फसला तर काय होतं हो?”

मी निरुत्तर झालो. माझा तास फसला तर फार तर एखादी कविता मरते. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत करता येते.

शिकाऊपणाच्या काळात तिला एका पुतळ्यावर हात चालवायला शिकवले. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, तर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल. दर तीस दाबांमागे दोन वेळा श्वास द्यायचा. घरी आल्यावर ती गादीच्या लोडावर हाच उद्योग करी आणि मला घड्याळ धरून बसवी. लोडाचा कापूस गोळा झाला, पण तिचा हात बसला. “पुतळ्यावर सगळं जमतं, मामा,” ती एकदा म्हणाली. “पुतळा विव्हळत नाही. आणि मुख्य म्हणजे पुतळ्याला नातेवाईक नसतात.”

त्या शेवटच्या वाक्यापाशी मी थोडा चमकलो. का, ते पुढे सांगतो.

गाडीवर रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या जिल्ह्यात पावसाळा म्हणजे कपाशी, सोयाबीन, निंदण आणि साप. एका संध्याकाळी देवळी तालुक्यातल्या एका खेड्यातून बोलावणे आले. निंदण करणाऱ्या बाईला पायाला साप चावला होता. साप कोणता, हे कोणी धड पाहिलेले नव्हते. बांधावर पन्नास माणसे गोळा झाली होती आणि पन्नास जणांचे पन्नास उपाय चालले होते.

सर्पदंशावर प्रथमोपचार म्हणून जी यादी शिकवतात, तिच्यातले पहिले कलम ऐकून मला मोठे नवल वाटले. पहिले कलम असे की, रुग्णाला धीर द्यावा. दुसरे, दंश झालेला अवयव हलू देऊ नये. तिसरे, विनाविलंब दवाखाना गाठावा. चौथे, वाटेत दिसलेली लक्षणे तिथल्या डॉक्टरांना सांगावीत. धीर हा शब्द मी आजवर सांत्वनाच्या पत्रांतून वापरत आलो होतो. तो औषधांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर असतो, याची मला कल्पना नव्हती. त्याचे कारणही साधे आहे. सगळेच साप विषारी नसतात, विषारी सापही दर वेळी पुरते विष सोडतोच असे नाही. आणि घाबरून धावणाऱ्या माणसाच्या अंगात विष लवकर भिनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तातून तयार केलेला उतारा दवाखान्यात असतो. तिथवर माणूस शांतपणे पोचला पाहिजे.

पण गंमत अशी की, हा धीर द्यायचा कोणी? तर जिची स्वतःची जीभ टाळ्याला चिकटली आहे, त्या पंचवीस वर्षांच्या मुलीने! स्वतःजवळ नाही ते दुसऱ्याला द्यायचे. सावकाराच्या धंद्यातसुद्धा हे जमत नाही.

त्या गाडीचा चालक पन्नाशीचा, आर्वीकडचा गृहस्थ आहे. या सेवेत चालकाला पायलट म्हणतात. आमचे हे पायलट तंबाखू मळता मळता तत्त्वज्ञान सांगणारे आहेत. बांधावर भाचीबाई क्षणभर नुसतीच उभी राहिलेली पाहून ते तिच्या कानाशी हळूच म्हणाले, “म्याडम, तुमी पयले बाईचा हात धरा अन् घड्याळ पाहा. बाकी सारं मंग.”

तिने हात धरला. दुसऱ्या हाताच्या घड्याळावर डोळे लावले. नाडी मोजली, मग श्वास मोजले. मोजायचे काम हाताशी लागले तसे तिचे मन जाग्यावर आले. पायाला फळी लावून तो न हलेल असा बांधला. बाईला गाडीत निजवले. वाटेत दर पाच मिनिटांनी तिला तिच्या मुलांची नावे विचारायची, डोळे उघडून वर पाहायला सांगायचे. नागाचे किंवा मण्यारीचे विष असेल तर पापण्या जड होऊ लागतात आणि पुढे श्वासच थांबतो, म्हणून पापण्यांवर पहारा. बाईला मात्र वाटले, ही पोर आपल्याशी सुखदुःखाच्या गोष्टी करीत आहे. दवाखाना येईपर्यंत तिने भाचीबाईचा हात सोडला नाही. चार दिवसांनी ती आपल्या पायांनी घरी गेली.

“तुमच्या औषधापेक्षा तुझ्या गप्पांनीच ती बरी झाली असेल,” मी थट्टेने म्हणालो.

“मामा, मी तिला धीर देत नव्हते,” ती म्हणाली. “तिचा हात धरून मीच उभी होते.”

आमच्या शेजारच्या सेवाग्रामला १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथे नव्या विद्यार्थ्यांनी सुरुवातीचे पंधरा दिवस आश्रमात राहायचे, सूत कातायचे, श्रमदान करायचे आणि पुढे खेड्यातली कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या घरी जायचे, असा प्रघात आहे. भावी डॉक्टराने सूत कशाला कातायचे, असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. रोगाशी ओळख होण्याआधी माणसाशी ओळख झालेली बरी. पायलटसाहेबांनी एका वाक्यात सांगितले ते हेच.

पण सगळ्याच गोष्टी चार दिवसांनी पायांनी घरी जाणाऱ्या नसतात. त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास एका रात्री महामार्गावर मोटरसायकलला अपघात झाला. मुलगा वीस-बावीसचा. गाडी पोचली तेव्हा त्याची छाती थांबली होती. भाचीबाईने लोडावर शिकलेले सगळे केले. दवाखान्याच्या दारापर्यंत तिचे हात थांबले नाहीत. उपयोग झाला नाही. पहाटे ती आमच्याकडे आली. अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धूत कितीतरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, मी सोडते.”

मी पुन्हा माझी पोतडी उघडली. या वेळी मी तिला डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट सांगितली. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला हा तरुण डॉक्टर १९७६ च्या सुमारास कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात गेला. तिथे लाल विंचवाने हाहाकार उडवला होता. दंश झालेल्या शंभरांतले चाळीसच्या आसपास लोक दगावत, आणि पुस्तकात त्यावर धड उपाय नव्हता. १९८२ मध्ये त्यांनी या दंशाची लक्षणे ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडली. पुढे प्राझोसिन नावाच्या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी शोधून काढला, तो १९८६ मध्ये त्याच पत्रात प्रसिद्ध झाला, आणि मृत्यूंचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. “पाहा! एका खेड्यातला डॉक्टर, पण केवढा आत्मविश्वास!” मी टाळी घेण्याच्या सुरात म्हणालो.

भाचीबाईने हात पुसले. “पण मामा, गोळी सापडायच्या आधी ते काय करीत होते?”

“रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची टिपणे ठेवीत होते.”

“आणि ते रुग्ण?”

“त्यांतले कितीतरी मरत होते.”

“तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसत होते,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या गोष्टीतून पद्मश्री वजा करून तिने तिला हवे तेवढे घेतले होते. चांगले विद्यार्थी असेच करतात.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास ती गाडीवर हजर होती. रोज सकाळी गाडीतले सामान तपासायचे असते. ऑक्सिजनच्या नळकांड्यात दाब किती आहे, घसा साफ करायचे यंत्र ओढ घेते की नाही, घशात पाहायच्या उपकरणाचा इवलासा दिवा लागतो की नाही, कोणत्या औषधाची मुदत कधी संपते. आपल्या घरातल्या बायका दिवाळीच्या आधी फडताळातले डबे काढून पाहतात ना, तसे. हे काम ती कधी चुकवत नाही. “दिवा लागला की मला बरं वाटतं,” ती म्हणते. आत्मविश्वास म्हणजे काहीतरी धगधगते, छाती फुगवणारे असावे अशी माझी कल्पना होती. तिचा आत्मविश्वास हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या दिव्यापासून सुरू होतो.

एका रविवारी दुपारी मी तिला सहज विचारले, “तू ही नोकरी धरलीस तरी का? तुला कोणी सुचवले?”

ती थोडी घुटमळली. मग म्हणाली, “आजोबांना न्यायला ती ताई आली होती ना, तिने.”

आणि मला ज्याची आठवण नको होती ती दुपार पुढे उभी राहिली. २०१७ चा मे महिना. ही परीक्षा देऊन सुटीला आमच्याकडे आली होती. बाबा सकाळपासून छातीत भरल्यासारखे वाटते म्हणत होते. आम्ही त्यांना लिंबू-सोडा दिला. त्यांच्या सदऱ्याला घाम आला होता, पण वर्ध्याच्या मे महिन्यात घामाला लक्षण कोण मानणार? तो घाम थंडगार होता, हे हात लावल्यावर कळले. शेजाऱ्यांनी १०८ ला फोन केला. गाडी आली आणि तीतून एक सडपातळ मुलगी उतरली. आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शोभली असती. कार्डिओग्रामच्या तारांचे पाकीट उघडताना तिची बोटे किंचित कापली. ते मी पाहिले. आणि वीस वर्षांच्या व्यासंगाने कमावलेल्या स्पष्ट, खणखणीत आवाजात, घरातल्या सगळ्यांच्या देखत मी विचारले, “काय हो, तुमच्याबरोबर कोणी मोठे डॉक्टर नाहीत का?”

“मीच आहे, काका,” ती म्हणाली. “तुम्ही आजोबांच्या जुन्या औषधांचे कागद घ्या.” तिने बाबांना एक गोळी चावायला दिली, कार्डिओग्राम काढला, दवाखान्यात आधीच फोन करून सांगितले आणि आम्ही निघालो. ‘वेळेत आणले’ असे तिथले डॉक्टर म्हणाले. बाबा त्यानंतर चार वर्षे जगले. त्या मुलीचे नाव मी विचारले नाही. आभारही मानले नाहीत.

“तुला माझे ते बोलणे आठवते?” मी खाली पाहत विचारले.

“आठवतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच होते. मामा, तुम्ही वाईट नव्हता बोलला. तुम्ही घाबरला होता. घाबरलेला माणूस मोठ्या डॉक्टरलाच हाक मारतो. मला रोज कोणीतरी तसं म्हणतं.” ती हसली. “पण तुम्ही बोललात ना, तेव्हा ती क्षणभर थांबली, तिने एक खोल श्वास घेतला आणि मग तिचे हात कापायचे थांबले. मला वाटलं, हिलापण भीती वाटते. माझ्यासारखीच. आणि तरी हिला जमतंय. म्हणजे मलाही जमेल.”

भीती वाटत नाही म्हणून तिने हे काम घेतले नव्हते. भीती वाटणारी दुसरी एक मुलगी ते करताना तिने पाहिली होती. ‘म्हणूनच जाते’ या तिच्या उत्तराचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

वर्गात शब्दांची फोड करून सांगण्याची मला खोड आहे. विश्वास हा शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिला असेन. ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे हा धातू. मोकळा श्वास घेता येणे, असा त्याचा मूळ भाव. परीक्षेत त्याला एक गुण असतो. तो श्वास प्रत्यक्ष घेतलेला मी माझ्याच घरात, माझ्याच बोलण्यानंतर पाहिला होता आणि मला तो दिसला नव्हता. माझ्या भाचीला दिसला.

मला आता असे वाटते की, आत्मविश्वासातले ‘आत्म’ फार मागाहून येते. सुरुवातीचे भांडवल सगळे उसने असते. थोडे पायलटच्या एका वाक्याचे, थोडे हातात धरलेल्या हाताचे, थोडे अनोळखी मुलीने घेतलेल्या श्वासाचे. त्यावर रोजच्या सवयीचे व्याज साठत जाते आणि कधीतरी माणूस स्वतःच्या पुंजीवर उभा राहतो. मात्र हे भांडवल देणाऱ्यांत आपणही असतो. दारात शिकाऊ डॉक्टर येतो, नवी परिचारिका सुई घेऊन उभी राहते, तेव्हा आपण तिच्या तोंडाकडे पाहतो आणि आपल्या डोळ्यांतले तिला वाचता येते. सुई तिने नीट टोचावी अशी आपली इच्छा असते. आणि आपल्या हातून तिचा हात तेवढा आपण हलवून ठेवतो.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाचीबाईची पाळी होती. पूजा आटोपल्यावर ताईने डबा भरला आणि मी तो घेऊन गाडी उभी असते तिथे गेलो. फटाक्यांचा धूर दाटला होता. पायलटसाहेबांनी चकली हातात घेऊन तिची पारख केली, “वा, मास्तर!” म्हणाले. भाचीबाईच्या शेजारी एक नवी मुलगी उभी होती. दोनच दिवसांपूर्वी काम शिकायला आलेली. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

इतक्यात फोन वाजला. कुठेतरी मूल भाजले होते. भाचीबाई गाडीत चढली. ती मुलगी पायरीवर पाय ठेवून क्षणभर थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी तिच्या वडिलांच्या वयाचा. ‘बाळ, सांभाळून’ असे शब्द अगदी ओठांवर आले होते. ते मी गिळले.

“या डॉक्टर,” मी म्हणालो. “डबा राहू द्या. आल्यावर खा.”

तिने एक श्वास घेतला, पट्टा सोडला आणि ती आत गेली. दार लागले. भोंगा आर्वी नाक्याकडे वळून ऐकू येईनासा झाला तरी मी तो डबा हातात घेऊन तिथेच उभा होतो.